मासा वर येतो, कोळंबी तळाशी जाते

खराब पाण्यात मेलेला मासा फुगून वर येतो आणि साऱ्या गावाला दिसतो. मेलेली कोळंबी तळाशी जाऊन पडते. जाळं टाकेपर्यंत तलावाच्या मालकालाही पत्ता लागत नाही. आणि कालव किंवा शिनाणं खराब पाण्यात बहुतेकदा मरतच नाही. ते पाणी गाळत राहतं, त्यातलं जे सापडेल ते अंगात साठवतं, आणि त्रास पुढे खाणाऱ्याला होतो. पाण्याच्या प्रदूषणाची आपल्याकडची चर्चा बहुतेक पहिल्या जिवावरच थांबते. मासे मेले की नदी बिघडली, मेले नाहीत की सगळं ठीक. हा हिशोब धोक्याचा आहे. पाण्याबद्दल सर्वांत कमी माहिती देणारा जीव कोणता असेल तर तो जिवंत मासा.

सुरुवात प्राणवायूपासून करायला हवी, कारण मत्स्यशेतीतली सगळी गणितं त्याच्यापाशी येऊन अडतात. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. ३० अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात तो जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम विरघळतो, समुद्राच्या पाण्यात सहाच्या आसपास. पाणी तापलं की ही क्षमता आणखी घटते, आणि नेमकी तेव्हाच माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत तळ्यातला मासा आधीच काठावर जगत असतो. कोळंबीला लिटरमागे ४ ते ५ मिलिग्रॅम प्राणवायू असला तर ती नीट खाते आणि वाढते. पातळी ३ च्या खाली गेली की खाणं सुटतं, आणि १ च्या खाली काही तास राहिली तर तळं संपतं.

हा प्राणवायू बराचसा त्या तळ्यातच तयार होतो. पाण्यातली हिरवी सूक्ष्म शेवाळं दिवसभर उन्हात तो बनवतात आणि रात्री इतर सगळ्यांसारखीच वापरतात. त्यामुळे दुपारी पाण्यात प्राणवायूची चंगळ असते आणि सूर्य उगवायच्या जरा आधी सर्वांत मोठी टंचाई. रोहू-कटल्याच्या तळ्यात किंवा पेण-अलिबागकडच्या जिताड्याच्या तळ्यात पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसले, तर ती भूक नसते, गुदमरणं असतं. जाणता माणूस त्या वेळी खाद्य टाकत नाही, पंप सुरू करतो.

आता याच पाण्यात बाहेरून मैला, मळी किंवा कारखान्याचं सेंद्रिय सांडपाणी आलं तर काय होतं? त्यात विष असायलाच हवं असं नाही. जिवाणूंना ते अन्न मिळतं, जिवाणू झपाट्यानं वाढतात आणि श्वासासाठी पाण्यातला सगळा प्राणवायू उपसून घेतात. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच ही कोल्हापूर-शिरोळकडच्या वाचकांना नवी बातमी नाही. अशा वेळी ‘पाण्यात विष कालवलं’ अशी बोलवा उठते. पण नदीतला प्रवाह मंदावलेला, पाणी बंधाऱ्यात अडलेलं आणि वरून सांडपाण्याचा लोंढा, एवढं जुळून आलं की वेगळं विष लागत नाही. मासा गुदमरून मरतो.

उजनीचं उदाहरण याच्या उलट्या बाजूचं आहे. पुणे-पिंपरीचं सांडपाणी नद्यांतून भीमेत आणि भीमेतून या जलाशयात येतं. तरी तिथं मासे भरपूर, बाजारही मोठा. पण त्या जाळ्यात आज प्रामुख्यानं येते ती चिलापी, म्हणजे तिलापिया. हा आफ्रिकेतला मासा कमी प्राणवायूत तग धरतो, कारण हवेला लागून असलेला पाण्याचा पातळ थर वापरायची त्याला सवय आहे. शेवाळ खातो, कुठेही वितो. प्रदूषण असलेल्या जलाशयात मासे आहेत की नाहीत यापेक्षा कोणते मासे आहेत आणि कोणते दिसेनासे झाले, हा प्रश्न जास्त सांगून जातो. तळ्यातल्या माशाला कधी कधी येणारा चिखलाचा वास हाही पाण्याचाच निरोप असतो. नील-हरित शेवाळ आणि काही जिवाणू जिऑस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, ते माशाच्या चरबीत उतरतं. आरोग्याला त्याचा अपाय नाही, पण मसाला कितीही घातला तरी वास लपत नाही. मासा काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात उपाशी ठेवला तरच जातो.

कोळंबीची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. भारतात आज जी कोळंबी तळ्यांत वाढवली जाते ती बहुतांश वेनामी. मूळची लॅटिन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. भारतात तिच्या शेतीला २००९ मध्ये परवानगी मिळाली. जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राहून खाऱ्या पाण्यापर्यंत ती जगते, दाटीवाटीत वाढते, म्हणून शेतकऱ्यांनी आधीची टायगर कोळंबी सोडून तिला पसंती दिली. पण कितीही काटक असली तरी तिचा बराच वेळ तळाशी जातो, आणि तळ्यातली सगळी घाण तळाशीच उतरते.

ही घाण किती असते याचा अंदाज खाद्यावरून येतो. कोळंबीच्या खाद्यात साधारण ३५ टक्के प्रथिनं असतात. तेवढी प्रथिनं म्हणजे १,००० किलो खाद्यामागे ५६ किलो नायट्रोजन. कोळंबी काढून बाजारात नेली की तिच्या अंगातून त्यातला पाव ते एक तृतीयांश हिस्सा बाहेर जातो. उरलेला सगळा, म्हणजे चाळीस किलोच्या आसपास, विष्ठा, मूत्र आणि न खाल्लेलं खाद्य या रूपांत त्याच पाण्यात राहतो. बाहेरून एक थेंब सांडपाणी आलं नाही तरी तळं स्वतःच स्वतःला बिघडवत असतं. खाद्य थोडं जास्त पडलं तर वाया गेले फक्त पैसे, असं नवखा शेतकरी समजतो. अनुभवी माणूस चेक ट्रे उचलून तासा-दोन तासांत किती खाल्लं गेलं ते बघतो आणि पुढचा हप्ता कमी करतो, कारण उरलेल्या खाद्याचं काय होतं हे त्याला ठाऊक असतं.

त्याचं अमोनिया होतं. अमोनियाची दोन रूपं असतात: एक भारित, बरंचसं निरुपद्रवी, दुसरं अभारित, जे कल्ल्यांतून सरळ शरीरात शिरतं. कोणतं रूप किती हे ठरवतो पाण्याचा सामू, म्हणजे पीएच. ३० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात सामू ७ असेल तर विषारी रूपाचं प्रमाण एक टक्क्याच्याही आत असतं. सामू ८ झाला की ते सात-साडेसात टक्के होतं, आणि ९ झाला की ४५ टक्क्यांच्या घरात जातं. खाऱ्या पाण्यात आकडे थोडे उतरतात, चाल तीच राहते. शेवाळं उन्हात कर्बवायू शोषून घेतात, त्यामुळे दुपारी सामू चढतो. म्हणजे जे हिरवं पाणी पहाटे प्राणवायूची टंचाई करतं, तेच दुपारी अमोनियाला धार लावतं. एकाच वेळी, एकाच ठिकाणी मोजलेला आकडा म्हणूनच फसवा असतो. सकाळी दहा वाजता पाण्याचा नमुना घेऊन गेलेल्याला तळ्याची दोन्ही संकटं दिसत नाहीत.

मग सामू खाली का ठेवू नये? कारण तळाच्या काळ्या गाळात तिसरं संकट बसलेलं असतं. प्राणवायू न पोचणाऱ्या गाळात जिवाणू हायड्रोजन सल्फाइड बनवतात, तो सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू. लिटरमागे मिलिग्रॅमच्या अगदी लहान अंशानंही तो कोळंबीचा श्वास रोखतो, आणि त्याचं विषारी रूप सामू उतरला की वाढतं. अमोनियाला चढता सामू मानवतो, सल्फाइडला उतरता. शेतकऱ्यानं या दोघांच्या मधल्या अरुंद पट्टीत, साधारण साडेसात ते साडेआठच्या दरम्यान, महिनोन्‌महिने पाणी धरून ठेवायचं असतं. चुना, पाण्यात हवा मिसळणारे एरेटर, तळाचा गाळ उपसणं, खाद्यावर हात राखणं, सगळी धडपड त्यासाठी.

याच्या जोडीला कोळंबीच्या अंगचीच एक अडचण आहे. वाढायचं तर तिला कवच टाकावं लागतं. जुनं कवच सुटून नवं कडक होईपर्यंत ती मऊ, हळवी आणि बिनसंरक्षणाची असते. त्या वेळी तिला प्राणवायू जास्त लागतो आणि नव्या कवचासाठी पाण्यातून कॅल्शियम-मॅग्नेशियम ओढून घ्यावं लागतं. पाण्यात क्षार कमी असले तर कवच मऊच राहतं आणि शेजारची कोळंबी तिला खाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास अनेक कोळंब्या एकदम कात टाकतात हे तलावावर काम करणाऱ्यांना चांगलं माहीत असतं; त्या रात्री एरेटर बंद पडणं कोणालाही परवडत नाही.

कोकणात पाऊस या सगळ्यावर कडी करतो. मुसळधार सरीनंतर गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं, खारं खाली राहतं, आणि दोन थर मिसळेनासे झाले की तळाला प्राणवायू पोचत नाही. शिवाय खाडीकाठच्या, पूर्वी कांदळवन असलेल्या जमिनीत गंधकयुक्त लोह दडलेलं असतं. बांध घालण्यासाठी ती माती उपसून हवेत आली की त्यातून आम्ल तयार होतं आणि पहिल्या पावसात बांधावरून थेट तळ्यात उतरतं. एका रात्रीत सामू घसरतो. जून उजाडण्याआधी बांधांवर चुना मारतात तो यासाठी.

पाणी नेहमी स्वतः जीव घेतं असंही नाही. बऱ्याचदा ते फक्त रोगाला वाट करून देतं. व्हिब्रिओ जातीचे जिवाणू खाऱ्या पाण्यात कायमच असतात. कोळंबी धडधाकट असते तोवर ते तिचं काही बिघडवू शकत नाहीत. दोन-तीन रात्री प्राणवायू कमी पडला, गाळात सल्फाइड वाढलं, की तेच जिवाणू तिच्या यकृतात घर करतात. पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूचंही तसंच. तो अंगात असून कोळंबी आठवडेच्या आठवडे जगू शकते, आणि पाण्याचा तोल एकदा गेला की तीन ते दहा दिवसांत तळं रिकामं होतं.

हा विषाणू १९९४ च्या सुमारास भारतात आला तेव्हा आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यातल्या कंडलेरू खाडीकाठी तळ्यांची रांग लागली होती. प्रत्येक जण खाडीतून पाणी घेत होता आणि प्रत्येक जण वापरलेलं पाणी त्याच खाडीत सोडत होता. एकाचं सांडपाणी दुसऱ्याचं नवं पाणी. रोग त्या पाण्यासोबत तळ्यातळ्यांतून फिरला. गांधीवादी कार्यकर्ते एस. जगन्नाथन यांनी किनाऱ्यावरच्या कोळंबी शेतीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती; तिथं नागपूरच्या नीरी या संस्थेनं पाहणी करून अहवाल दिला की या शेतीतून मिळणाऱ्या उत्पन्नापेक्षा पर्यावरणाचं आणि लोकांचं नुकसान मोठं आहे. गोड्या विहिरी खारावल्या होत्या, भातखाचरं नासली होती, कांदळवनं तुटली होती. ११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयानं किनारी नियमन क्षेत्रातली पारंपरिक पद्धतीची सोडून बाकी कोळंबी तळी हटवायचा आदेश दिला. पुढे २००५ मध्ये कायदा झाला, किनारी जलकृषी प्राधिकरण आलं, नोंदणी आणि सांडपाण्याचे निकष आले, आणि तळी पुन्हा नियमांखाली चालू राहिली.

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की कोळंबी शेतकरी एकाच वेळी प्रदूषणाचा बळी होता आणि ते करणाराही. तळं रिकामं करताना शेवटी निघणारं थोडं पाणी सर्वांत गढूळ असतं. गाळ, विष्ठा, पोषकद्रव्यं बहुतेक त्यातच असतात. तेवढं पाणी एका निवळण तळ्यात काही दिवस धरलं, त्यात बोय किंवा शिंपले सोडले, तरी खाडीवरचा भार बराच उतरतो. पण निवळण तळ्याला जागा लागते, आणि एखाद-दोन हेक्टरवाल्याला ती जागा म्हणजे कोळंबी न पिकणारी जमीन वाटते. एकेकट्यानं हे होणारं नाही. एका खाडीवरच्या सगळ्या तळ्यांनी मिळून पाणी घेण्याचं आणि सोडण्याचं वेळापत्रक ठरवलं तरच जमतं.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी काय तपासावं लागतं, याचा धडा इक्वेडोरनं दिला आहे. १९९२ मध्ये तिथल्या ग्वायास प्रांतात टाउरा नदीच्या मुखाजवळच्या तळ्यांत कोळंबी मोठ्या प्रमाणावर मरू लागली. वरच्या बाजूला केळीच्या बागा होत्या आणि करप्यासाठी त्यांच्यावर बुरशीनाशकं फवारली जात होती. संशय सरळ तिकडे गेला, कोर्टकज्जे झाले. काही वर्षांच्या संशोधनानंतर त्या मरीचं मूळ एका विषाणूत सापडलं. त्याला आज टाउरा विषाणू म्हणतात. दिसणारं कारण खरंच असतं असं नाही, आणि खऱ्या कारणाला प्रयोगशाळा लागते.

तरी फवारणीची भीती निराधार नाही. कोळंबी ही कीटकांची नातेवाईक आहे. जे किडीला मारतं ते तिलाही मारतं. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड कीटकनाशकं एका लिटरमध्ये ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहून कमी असली तरी तिच्या जातीच्या जिवांना पुरतात. याच कुळातली औषधं हापूसच्या मोहोरावर तुडतुड्यांसाठी मारली जातात. आंबा आणि कोळंबी दोन्ही असलेल्या गावात फवारणीचा पंप व्हाळात धुणं ही क्षुल्लक गोष्ट नाही.

आता तिसरा जीव. कालव, शिनाणे, तिसऱ्या हे पाणी गाळून जगतात. एक शिनाणं तासाला काही लिटर पाणी अंगातून फिरवतं आणि त्यातलं शेवाळ खातं. शेवाळाबरोबर येणारे जिवाणू, विषाणू, धातू हेही त्याच्या अंगात थांबतात, आणि पाण्यात जे मोजायला कठीण असतं ते त्याच्या मांसात कित्येक पटींनी साठतं. तैवानमध्ये १९८६ साली एर्रेन नदीच्या मुखाजवळची शेतीतली कालवं हिरवी झाली. नदीकाठी भंगार तारा आणि यंत्रं जाळून, आम्लात धुऊन धातू काढण्याचा धंदा चालत होता. तो हिरवा रंग तांब्याचा होता.

कालवांना स्वतःलाही इजा होते, फक्त ती मोठ्या अंगावर दिसत नाही. फ्रान्समधल्या आर्काशों उपसागरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस कालवांची पिल्लं टिकेनाशी झाली, मोठ्यांची कवचं थरथरांची जाड आणि वेडीवाकडी होऊ लागली. हौशी बोटींच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून लावलेल्या रंगातलं ट्रायब्युटिलटिन त्याला कारण होतं. लिटरमध्ये ग्रॅमचे काही अब्जांश, एवढंच. १९८२ मध्ये फ्रान्सनं लहान बोटींवर हा रंग बंद केला आणि थोड्याच हंगामांत नवी पिल्लं पुन्हा धरू लागली. जहाजांवरची जागतिक बंदी अमलात यायला मात्र २००८ उजाडलं.

अमेरिकेतल्या ओरेगॉन किनाऱ्यावर व्हिस्की क्रीक नावाचं कालवांच्या बीजाचं केंद्र आहे. २००७ पासून तिथली पिल्लं लाखोंनी मरू लागली. आधी जिवाणूंवर संशय घेतला, पाणी निर्जंतुक केलं, उपयोग झाला नाही. शेवटी सापडलं ते हे: वाऱ्यामुळे खोल समुद्रातलं कर्बवायूनं भरलेलं, आम्लतेकडे झुकलेलं पाणी वर येत होतं, आणि जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत पिल्लांना जे कवच बांधायचं असतं ते त्या पाण्यात बांधता येत नव्हतं. वातावरणात वाढलेल्या कर्बवायूनं या पाण्याची आम्लता आणखी ढकलली आहे. केंद्रानं पाण्यात सोडा मिसळायला आणि पाणी दुपारी घ्यायला सुरुवात केली. खाडीतल्या हिरव्या वनस्पती दुपारी सामू चढवतात. जी चढण कोळंबीवाल्याला नको असते, तिच्यावर इथली पिल्लं वाचली.

खाणाऱ्यांच्या बाबतीत दोन घटना विसरू नयेत अशा आहेत. १९८८ च्या सुरुवातीला शांघायमध्ये मैलामिश्रित किनाऱ्यावरचे शिंपले अर्धेकच्चे खाल्ल्यानं सुमारे ३ लाख लोकांना हिपॅटायटिस ए ही कावीळ झाली. आणि १९८७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शेतीतले शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले, काही दगावले, आणि काहींची नवी आठवण धरून ठेवायची शक्तीच गेली. तिथं मैला नव्हता. एका सूक्ष्म शेवाळाचा बहर आला होता आणि त्यातलं डोमोइक आम्ल शिंपल्यांनी, स्वतःला काही न होता, साठवलं होतं.

युरोपात म्हणून शिंपल्यांच्या क्षेत्रांची प्रतवारी पाण्यावर करत नाहीत, शिंपल्याच्या मांसावर करतात. १०० ग्रॅम मांसात ई. कोलाय जिवाणू २३० पर्यंत असतील तर माल थेट विकता येतो. त्यापुढे ४,६०० पर्यंतचा माल आधी स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत ठेवून शुद्ध करावा लागतो. दोन दिवसांत जिवाणू बरेचसे निघून जातात. विषाणू चिवट असतात, आणि धातू निघायला आठवडे किंवा महिने लागतात.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाड्यांत बचत गटांच्या महिला दोरांवर शिनाणे आणि कालवं वाढवतात. खाद्य विकत घ्यावं लागत नाही, एरेटर लागत नाही, पाणी उलट थोडं निवळतंच. मला ही आपल्या किनाऱ्याला सर्वांत शोभणारी मत्स्यशेती वाटते. तिच्या वरच्या अंगाला गावाचं गटार किंवा कारखान्याचा नाला येऊ न देणं ही जबाबदारी त्या महिलांवर टाकता येणार नाही, ती ग्रामपंचायतीची आणि प्रदूषण मंडळाची आहे. आणि त्यांच्या मालाची मांसावरची तपासणी हंगामात नियमित झाली तर चांगला भाव मागायला त्यांच्या हाती कागदही येईल.

घरी शिनाणे किंवा तिसऱ्या शिजवताना तोंडं उघडली की झालं असं बरेच जण धरतात. कवच विषाणू मरायच्या आधीच उघडतं. हिपॅटायटिसचा विषाणू जायला आतलं मांस ९० अंशांवर किमान दीड मिनिट राहावं लागतं, म्हणून तोंडं उघडल्यावरही झाकण ठेवून चार-पाच मिनिटं उकळी येऊ द्यावी. समुद्राला लाल-तपकिरी झाक आली असेल तर ते पाणी निवळून काही आठवडे जाईपर्यंत तिथले शिंपले घेऊ नयेत, कारण शेवाळाचं विष आणि शिशा-कॅडमियमसारखे धातू कितीही उकळलं तरी जात नाहीत.